‘मोनालिसा’वर दरोडा पडला की ती चोरीला गेली?

प्रश्न (खानापूर) : वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातून २१ ऑगस्ट १९११ रोजी नाहीसे झालेल्या ‘मोनालिसा’ या चित्रावर मी लेख लिहिला असून त्याला ‘लूव्हरवर दरोडा’ असे शीर्षक दिले आहे. संपादकांना ‘दरोडा’ खटकतो. योग्य शब्द कोणता?

उत्तर (शहापूर, बेळगाव) : संपादकांचा आक्षेप रास्त आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीलाच कायदा दरोडा म्हणतो. इथे तर संग्रहालय बंद असलेल्या सोमवारी, तिथेच पूर्वी काचकाम केलेल्या विन्चेन्झो पेरुजाने चित्र भिंतीवरून उतरवले, जिन्यात चौकट व काच काढून टाकली आणि तो चालता झाला. कोणावर हात उगारला गेला नाही. आपल्या सीमाभागात ‘दरोडा’ सैलपणे वापरला जातो, त्यामागे कन्नड ‘दरोडे’ची सोबत असावी, असे मला वाटते. ‘लंपास’ चालेल, पण त्याला बातमीचा वास येतो.

उत्तर (निपाणी) : वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ‘चोरली’ आणि ‘चोरीला गेली’ यांतला फरकही पाहावा. ‘चोरीला गेली’ म्हणताना कर्ता सांगावा लागत नाही, आणि इथे तर सुमारे सव्वादोन वर्षे तो कोणालाच ठाऊक नव्हता. कवी अपोलिनेर यांना अटक झाली, पिकासो यांची चौकशी झाली, आणि चित्र मात्र पॅरिसमध्येच पेरुजाच्या खोलीत होते. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका कलाविक्रेत्याला ते देऊ करताना तो पकडला गेला. ‘पेरुजाने चोरली’ हे वाक्य तेव्हापासूनचे. चित्र नाहीसे झाल्यावरचा पहिला एक दिवस तर ‘चोरी’चाही नव्हता, कारण भिंतीवरची रिकामी जागा पाहून पहारेकऱ्यांना चित्र छायाचित्रणासाठी नेले असावे असेच वाटले होते. तेवढ्या वेळेपुरते ते फार तर ‘जागेवर नसलेले’ म्हणावे. ‘गहाळ’ म्हटले तर कोणाचा तरी निष्काळजीपणा गृहीत धरला जातो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नेपोलियनने लुटून नेलेले चित्र आपण मायदेशी परत आणले, असे पेरुजाने सांगितले होते. मग त्याच्या बाजूने ‘सोडवून आणले’ म्हणता येईल का?

उत्तर (शहापूर, बेळगाव) : अवतरणचिन्हांत, त्याचा दावा म्हणून जरूर लिहावे. एरवी नाही, कारण लिओनार्दो स्वतःच ते चित्र फ्रान्सला घेऊन गेला होता आणि पुढे ते राजा पहिला फ्रान्सिस याच्या संग्रहात आले. ‘लूट’ हा शब्दच इथे लागू होत नाही. इटलीतील न्यायालयाने दिलेली एक वर्ष पंधरा दिवसांची शिक्षा अपिलात सात महिन्यांवर आली, परंतु गुन्हा चोरीचाच राहिला. शीर्षक ‘चोरीला गेलेली मोनालिसा’ असे ठेवावे.