गोळी, झोप आणि कागद : घरातला मानसिक आजार सांभाळताना

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) किंवा बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) असलेलं माणूस घरात असलं की डॉक्टरांच्या वाट्याला महिन्यातली दहा मिनिटं येतात, उरलेला महिना आपला. घरी सांभाळणाऱ्यांनो, त्या महिन्याबद्दल इथे लिहा. ‘आमच्याकडे काय काय झालं’ हे इथे नको. काय करायचं, कसं करायचं आणि कुठे फसतं एवढंच. इथे वाचून कुणीही परस्पर मात्रा बदलू नये, हे वेगळं सांगायला नको.

गोळ्यांबद्दल (भावाचं बघणारी, पुणे)

सात खणांचा डबा आणा आणि रविवारी रात्री भरा. बाकीची पाकिटं कुलपात. याचे दोन फायदे. एकदम मूठभर गोळ्या हाताशी राहत नाहीत, आणि ‘आज घेतलीस का?’ हा रोजचा भांडणाचा प्रश्न संपतो, कारण खण रिकामा आहे की नाही ते दिसतंच. गोळी गालात धरून नंतर थुंकली जात असेल तर तोंड उघडायला लावू नका, त्याने नातं जातं. गोळी दिली की पाचेक मिनिटं बसून बोला, किंवा डॉक्टरांना तोंडात विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल विचारा. ओलांझापिन तसं मिळतं.

जेवणात-चहात औषध चोरून घालणं घरोघरी होतं, म्हणून स्पष्ट लिहिते. रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात किंवा कोलात चालत नाही; पाण्यात किंवा कॉफीत चालतं. आपल्याकडे पहिला हात चहाकडेच जातो. हळूहळू विरघळणाऱ्या (नावापुढे ईआर, एसआर असलेल्या) गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आणि ज्याला आधीच ‘जेवणात काहीतरी घालतात’ असं वाटतंय, त्याला ते एकदा खरोखर सापडलं की गोळीही बंद, जेवणही बंद. त्यापेक्षा लांब चालणाऱ्या इंजेक्शनचं विचारा. फ्लुफेनाझिन दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी. रोजचं महाभारत महिन्यातल्या एका दिवसावर येतं.

क्लोझापिन चालू असेल तर (औषधांच्या दुकानात बसणारा, सातारा)

स्किझोफ्रेनियात इतर औषधं हरल्यावर हे देतात, आणि बऱ्याचदा हेच लागू पडतं. पण याला शिस्त लागते. याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यांची तपासणी सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, बहुधा दरमहा. ताप आला किंवा घसा दुखला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून गोळी आणायला येऊ नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवर परत जायचं नसतं. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं, म्हणून आधी डॉक्टरांना फोन. लग्नाला गावी गेले आणि डबा घरी राहिला, हा प्रकार हमखास घडतो. प्रवासात दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

पोटाकडे लक्ष द्या. बद्धकोष्ठ ही इथे किरकोळ गोष्ट नाही, आतड्याची हालचालच थांबू शकते. सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल (थरथर-ताठरपणा कमी करायला देतात ती गोळी) असेल तर आणखीच. दोन दिवस शौचाला झाली नाही तर कळवा. रात्री लाळ गळते, उशीवर जुना टॉवेल घाला.

विडी-सिगारेटचं मात्र फार कुणी सांगत नाही. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं, म्हणून विडी ओढणाऱ्याची मात्रा जास्त ठरलेली असते. तो दवाखान्यात भरती झाला, विडी सुटली की त्याच मात्रेने औषध अंगात साचतं आणि माणूस झोपाळतो, अडखळतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू-मिश्रीला हा हिशेब लागू नाही. विडी सोडायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून सोडा.

लिथियम (निवृत्त परिचारिका, नागपूर)

बायपोलरमध्ये मनाचे चढउतार आवरायला हे देतात. रक्तातली पातळी तपासायची ती शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन लॅबला गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि मात्रा उगाच कमी होते. साधारण 0.6 ते 1.0 ठीक, 1.5 च्या वर धोका. निर्जळी उपास, उन्हातली वारी, जुलाब यांनी पाणी-मीठ कमी झालं की पातळी चढते. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. हात बारीक थरथरणं नेहमीचं. मोठी थरथर, उलट्या, झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) दर सहा महिन्यांनी.

बोलण्याबद्दल (आईबरोबर राहणारी, डोंबिवली)

‘शेजारी माझं बोलणं ऐकतात’ यावर ‘नाही ऐकत’ म्हणू नका आणि ‘हो, ऐकतात’ असंही म्हणू नका. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय, मी इथेच आहे, चहा टाकू?’ एवढंच. वाद घातला की भ्रम पक्का होतो.

काम सांगताना एका दमात एकच. ‘ऊठ, अंघोळ कर, कपडे भिजव, मग बाजारातून कोथिंबीर आण’ हे चार कामांचं वाक्य डोक्यात मावत नाही. आधी बादली भरून ठेवा, टॉवेल दाराला टांगा, मग ‘पाणी काढलंय’ म्हणा.

टोचून बोलणाऱ्या, सतत डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या घरांत आजार लवकर उलटतो, हे 1970 च्या दशकातल्या लंडनच्या अभ्यासात नीट नोंदलं गेलं. अशा घरात आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणाऱ्यांचं जास्त बिघडलं. आपल्या दोन खोल्यांत 35 तास म्हणजे काहीच नाही! म्हणून दिवसातले काही तास त्याने बाहेर जावं (दिवसा चालणारं पुनर्वसन केंद्र, वाचनालय, काकांचं दुकान, काहीही) किंवा तुम्ही जावं.

दिव्यांग प्रमाणपत्र (जिल्हा रुग्णालयाच्या खेपा झालेला, कोल्हापूर)

2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. मोजणी ‘आयडियाज’ पट्टीवर होते : स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद-समज आणि काम, प्रत्येकी 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या वर्षांचे गुण. एकूण 7 झाले तर सवलतींसाठी लागणारा 40 टक्क्यांचा उंबरा गाठला जातो. दोन वर्षं आजार असल्याचे केसपेपर हवेत, म्हणून जुनी चिठ्ठी फेकू नका.

फसतं ते उत्तर देताना. डॉक्टर विचारतात, ‘अंघोळ करतो का?’ आपण लाजेने म्हणतो, ‘करतो हो.’ झाले शून्य गुण. खरं उत्तर : तीनदा सांगितल्यावर, पाणी काढून दिल्यावर, आठवड्यातून दोनदा. जायच्या आधी आठवडाभर असं लिहून ठेवा आणि तोच कागद पुढे करा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख कॅलेंडरवर मांडा.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आणि पालकत्व मात्र मानसिक आजाराला मिळत नाही. ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेसाठी आहे. त्या खिडकीवर दिवस घालवू नका.

भरती करताना (वकिली करणारी, मुंबई)

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर त्याच्याकडून नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारं, त्याने निवडलेलं माणूस) लिहून घ्या, सही किंवा अंगठा पुरतो. तो ‘नको’ म्हणत असताना भरती करायची तर कलम 89 : प्रतिनिधीचा अर्ज, मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी, आणि जास्तीत जास्त 30 दिवस. साखळीने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं दोन्ही बेकायदा. कुठे ‘बाबांच्या मठात’ साखळी दिसली तर तिथे ठेवू नका.

सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. रात्री काहीच सुचत नसेल तर टेली मानस (मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा), 14416. मराठीत बोलता येतं.

तेजीतले पैसे (नवऱ्याचं बघणारी, नाशिक)

उन्मादाची लाट आली की यूपीआयवरून पैसे जातात, तेही पहाटे तीनला. बरा असतानाच दोघांनी बसून ठरवा : रोजची मर्यादा किती, एफडी मोडायला दोन सह्या, कर्ज देणारी अ‍ॅप फोनवर नाहीत. लाट आल्यावर ठरवायला गेलात तर तुम्ही शत्रू. पहिली खूण बहुतेक वेळा झोप हीच : सलग दोन-तीन रात्री तीन-चार तासांवर आली आणि तरी माणूस ताजातवाना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. एका वहीत फक्त दोन रकाने : झोपला किती वाजता, उठला किती वाजता.

एक राहिलंच (पुन्हा पुणे)

त्या वहीत तिसरा रकाना जोडा, सांभाळणाऱ्याच्या झोपेचा. रात्रीची पाळी वाटून घ्या. लांबच्या भावाला ‘पैसे पाठव’ म्हणण्यापेक्षा ‘महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तू ये’ म्हणा, आणि तो आला की डबा कसा भरायचा ते त्याच्याच हातून भरून घ्या.