आयव्हीसाठी थांबावे, की आहे तोच म्यूटू वाढवावा? सल्ला हवा आहे

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूरला नोकरीला आहे आणि नववीत शिकणाऱ्या भाच्यासोबत गेली दोन वर्षे पोकेमॉन गो हा चालत फिरून पोकेमॉन पकडण्याचा मोबाइलवरचा खेळ खेळतो आहे. त्याची शिकवणी सुटली की मी त्याला घ्यायला जातो आणि येताना आम्ही गंजगोलाईच्या बाजूने एक चक्कर मारतो. आमचा खेळ बहुतेक तेवढाच असतो, त्यामुळे पोकेमॉनची लेव्हल वाढवायला लागणारी स्टारडस्टही हळूहळू साठते. आजघडीला माझ्याकडे 2,40,000 स्टारडस्ट आणि म्यूटू या पोकेमॉनच्या 90 कँडी आहेत (लेव्हल वाढवायला याही लागतात).

रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी करायच्या लढतीत, पकडलेले दोन म्यूटू माझ्याकडे आहेत, दोन्ही लेव्हल 20 चे. एकाचे आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण, या खेळात प्रत्येकी 15 पर्यंत) अटॅक 10, डिफेन्स 12, स्टॅमिना 14 असे आहेत, तर दुसऱ्याचे 10, 10, 11. भाच्याचे ठाम मत असे आहे की चार तारे असलेला, म्हणजे 15-15-15 चा म्यूटू मिळेपर्यंत स्टारडस्टला हात लावू नये. तीन ताऱ्यांखालचा प्रत्येक पोकेमॉन तो त्याच दिवशी ट्रान्सफर करतो, म्हणजे कायमचा पाठवून देतो. याच नियमाने त्याने खेळ सुरू केल्याच्या दिवशी पकडलेला ईव्ही नावाचा पोकेमॉनही पाठवून दिला आणि नंतर दोन दिवस तो गप्प गप्प होता, हे मी पाहिले आहे.

दुसरे असे की चुलतभावाच्या निन्टेंडो स्विचवर त्याने पोकेमॉन व्हायोलेट हा दुसरा खेळ सुरू केला आहे आणि तिथेही मनाजोगता नेचर (पोकेमॉनचा स्वभाव, ज्याने त्याचे गुण कमी-जास्त होतात) मिळावा म्हणून त्याने पहिल्या पोकेमॉनसाठी खेळ सहा वेळा नव्याने सुरू केला. हे सगळे खरोखर आवश्यक आहे का? जाणकारांनी कृपया आकड्यांसह सांगावे, कारण आकडे दाखवल्याशिवाय तो माझे ऐकणार नाही.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

आपण आकडे मागितले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोकेमॉन गोमध्ये म्यूटूचा मूळ अटॅक 300 आहे आणि आयव्ही त्यात मिळवले जातात. आपल्या पहिल्या म्यूटूचा अटॅक 310 होतो आणि भाचा ज्याची वाट पाहतो आहे त्याचा 315, म्हणजे दोघांत फरक साधारण 1.6 टक्क्यांचा. लेव्हलचा हिशेब याहून फार मोठा आहे. लेव्हल 20 ला या आकड्यांना 0.5974 ने गुणले जाते, लेव्हल 30 ला 0.7317 ने आणि लेव्हल 40 ला 0.7903 ने. याचा अर्थ 20 वरून 30 वर नेल्यास अटॅक, डिफेन्स आणि स्टॅमिना हे तिन्ही सुमारे 22 टक्क्यांनी वाढतात आणि त्यासाठी 75,000 स्टारडस्ट व 66 कँडी लागतात, ज्या आपल्याकडे आजच आहेत. तिथून पुढे 40 पर्यंत जायला आणखी 1,50,000 स्टारडस्ट लागते आणि वाढ मात्र 8 टक्क्यांचीच मिळते. माझा स्पष्ट सल्ला असा की 10-12-14 चा म्यूटू आजच लेव्हल 30 ला न्यावा आणि तिथे थांबावे.

आता थांबण्याची किंमत पाहू. रेडमध्ये मिळणाऱ्या पोकेमॉनचे प्रत्येक आयव्ही 10 ते 15 च्या दरम्यान असतात, त्यामुळे तिन्ही 15 येण्याची शक्यता 216 मध्ये 1 इतकी आहे. म्यूटू वर्षातून मोजकेच दिवस रेडमध्ये येतो आणि रेडचा मोफत पास दिवसाला एकच मिळतो. त्या भरवशावर भाच्याची शाळा संपेल, पण म्यूटू लेव्हल 20 वरच राहील.

शिवाय तो 1.6 टक्क्यांचा फरक दर वेळी दिसतोच असे नाही. प्रत्येक माऱ्याचे नुकसान काढताना अपूर्णांक कापला जातो आणि मग त्यात 1 मिळवला जातो. हिशेब 9.2 आला काय किंवा आयव्हीमुळे 9.35 आला काय, समोरच्याचे 10 च गुण कमी होतात. नेमक्या सीमेवर असलेल्या एखाद्या लढतीत हे आयव्ही एक गुण वाढवून देतात, हे मान्य करायला हवे; पण ती सीमा लेव्हल वाढवूनही ओलांडता येते.

आपल्या भागातली अडचण वेगळी आहे आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. पुण्या-मुंबईत एका रेडला वीस जण जमतात, तिथे कोणी काय आणले याने फारसे बिघडत नाही. आपल्याकडे पाच-सहा जण जमले तरी आनंद वाटतो. एका संध्याकाळी आम्ही पाच जण रेक्वाझाच्या रेडला उभे होतो. 300 सेकंदांची वेळ संपली तेव्हा त्याची पट्टी केसाएवढी उरली होती. नंतर सगळ्यांचे मोबाइल तपासले, तर दोघांच्या संघात चार ताऱ्यांचे पण लेव्हल 20 चे पोकेमॉन होते आणि एकाने खेळाने आपोआप सुचवलेला संघच तसाच ठेवला होता. रेक्वाझा ड्रॅगन आणि फ्लाइंग अशा दोन्ही प्रकारांचा असल्यामुळे आइसचा मारा त्याला 2.56 पट लागतो. त्या दिवशी प्रत्येकाकडे आइसचा मारा करणारे लेव्हल 30 चे दोन साधे मॅमोस्वाइन असते, मग त्यांचे तारे कितीही असते, तरी आम्ही वेळ राखून जिंकलो असतो. प्रकार, मूव्ह (पोकेमॉनचे मारे), लेव्हल आणि सर्वांत शेवटी आयव्ही, हा क्रम भाच्याला वहीत लिहून द्यावा.

शॅडो पोकेमॉनबद्दलही (खेळातल्या टीम रॉकेटकडून सोडवलेले पोकेमॉन) सावध करतो. शॅडोचा मारा 20 टक्क्यांनी अधिक असतो, आणि त्याला लागणारा मारही तितकाच वाढतो. आयव्ही शून्य असलेल्या शॅडो म्यूटूचा अटॅक 360 च्या तोडीचा होतो, तर साध्या चार ताऱ्यांच्या म्यूटूचा 315 वरच थांबतो. शुद्ध केल्यावर, म्हणजे शॅडोचा साधा पोकेमॉन केल्यावर, प्रत्येक आयव्ही 2 ने वाढतात म्हणून पुष्कळ मुले शॅडो शुद्ध करतात आणि हातातली मोठी गोष्ट घालवून लहान गोष्ट मिळवतात. भाच्याला तेवढे करू देऊ नका.

गोदातीर (नांदेड)

देवगिरी दादांचे रेडबाबतचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण खेळाडूंमधल्या लढती, म्हणजे लीग, भाच्याला आवडत असतील तर आयव्हीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मात्र तिथला नियम तो समजतो त्याच्या जवळजवळ उलटा आहे.

ग्रेट लीगमध्ये सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीचा आकडा) मर्यादा 1500 आहे. सीपी काढताना अटॅक पूर्ण धरला जातो, तर डिफेन्स आणि स्टॅमिना यांचे वर्गमूळ घेतले जाते. म्हणून अटॅकचे आयव्ही कमी असतील तर सीपी कमी भरतो आणि त्याच 1500 मध्ये पोकेमॉनची लेव्हल अधिक वाढवता येते. बहुतेक पोकेमॉनसाठी तिथे 0-15-15 च्या आसपासचे आयव्ही उत्तम मानले जातात. त्यांची बेरीज 30 होते, आणि 30 ते 36 बेरजेला दोन तारे मिळतात. तीन ताऱ्यांखालचे सगळे पाठवून देणारा आपला भाचा ग्रेट लीगसाठीचे सर्वोत्तम पोकेमॉन आजवर स्वतःच्या हाताने घालवत आला आहे, हे त्याला प्रेमाने समजावून सांगा. एकाच क्षणी दोघांनी चार्ज्ड मूव्ह (ऊर्जा साठवून करायचा मोठा मारा) केली तर अधिक अटॅकवाला आधी मारतो, म्हणून काही जण मुद्दाम थोडा अटॅक ठेवतात. पण तो पुढचा अभ्यास आहे. मास्टर लीगमध्ये मर्यादाच नसल्यामुळे 15-15-15 ला खरी किंमत तिथे आहे.

आता व्हायोलेटबद्दल. मी स्वतः तो खेळ दोनदा पूर्ण केला आहे. कथा पूर्ण करण्यासाठी नेचर, आयव्ही, ईव्ही (सरावाने मिळणारे गुण; ईव्ही नावाचा पोकेमॉन नव्हे) यांतले काहीही पाहावे लागत नाही. हे आकडे महत्त्वाचे ठरतात ते लेव्हल 50 च्या ऑनलाइन लढतींत, आणि तिथे ते खरोखर निर्णायक असतात. एकच उदाहरण देते. गारचॉम्पचा मूळ वेग 102 आहे आणि चारिझार्डचा 100. दोघांनाही वेगाचे पूर्ण 31 आयव्ही (या खेळातली कमाल), 252 ईव्ही आणि वेग वाढवणारा नेचर दिला तर गारचॉम्प 169 वर जातो आणि चारिझार्ड 167 वर. म्हणजे दोन गुणांनी गारचॉम्प आधी मारतो. गारचॉम्पला वेगाचा नेचर दिला नाही तर तो 154 वर राहतो आणि तीच लढत हातची जाते.

तरीही पहिल्या पोकेमॉनसाठी खेळ पुन्हा पुन्हा सुरू करण्याची गरज उरलेली नाही, कारण हे सगळे नंतर बदलता येते. नेचरचा परिणाम मिंट या वस्तूने बदलतो आणि ती खेळातल्या चॅन्सी सप्लाय दुकानात खेळातल्याच 20,000 पैशांना मिळते. आयव्हीसाठी लेव्हल 50 झाल्यावर खेळातल्या मॉन्टेनेव्हेरा गावी बॉटल कॅप ही वस्तू देऊन हायपर ट्रेनिंग (आयव्ही वाढवणे) करता येते. ईव्हीसाठी व्हिटॅमिन आहेत. एका व्हिटॅमिनने 10 गुण वाढतात, म्हणून एका रकान्यात 252 भरायला 26 लागतात. सहा वेळा सुरुवात करण्यात भाच्याचा जो वेळ गेला, तेवढ्या वेळात त्याची पहिली जिम झाली असती. अपवाद एवढाच की बॉटल कॅपने आयव्ही वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. ट्रिक रूमच्या (हळू पोकेमॉन आधी मारतो अशी मूव्ह) संघासाठी वेगाचे आयव्ही 0 हवे असतील तर ते मुळातच तसे मिळवावे लागतात. तिथपर्यंत तो पोहोचला तर मला अवश्य विचारा.

मांजराकाठ (लातूर)

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही उत्तरे भाच्याला मोठ्याने वाचून दाखवली. 0-15-15 चा हिशेब ऐकून त्याने लगेच मोबाइल घेतला आणि ट्रान्सफर करण्यासाठी निवडलेले चाळीसच्या चाळीस पोकेमॉन परत तपासायला बसला. एक शंका राहिली: 10-10-11 च्या दुसऱ्या म्यूटूचे काय करावे?

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

तो ट्रेडसाठी ठेवा. भाच्याकडेही एखादा सामान्य म्यूटू असेल तर दोघांनी अदलाबदल करा, कारण ट्रेडमध्ये आयव्ही नव्याने ठरतात. खेळात बेस्ट फ्रेंड असाल तर प्रत्येक आयव्ही किमान 5 येतात. ट्रेड लकी झाला तर किमान 12 येतात, 15-15-15 ची शक्यता 64 मध्ये 1 होते आणि पॉवर अपला, म्हणजे लेव्हल वाढवायला, स्टारडस्ट निम्मेच लागते. चांगला म्यूटू मात्र चुकूनही ट्रेडला लावू नका, कारण आयव्ही घसरूही शकतात. म्यूटूसारख्या पोकेमॉनचा ट्रेड दिवसातून एकच करता येतो, त्यामुळे तो दिवस दुसऱ्या कशावर घालवू नका.

मांजराकाठ (लातूर)

काल संध्याकाळी 10-12-14 चा म्यूटू लेव्हल 30 ला नेला. त्यानंतर शिकवणीच्या फाटकाशी उभे राहूनच दोघांनी उरलेल्या म्यूटूंचा ट्रेड केला. लकी झाला नाही. मला 7-15-9 चा मिळाला आणि भाच्याला 13-11-12 चा, म्हणजे दोन ताऱ्यांचा. तो ट्रान्सफर करशील का, असे विचारले, तर त्याने त्या म्यूटूला माझे नाव दिले आणि घरी पोहोचेपर्यंत लेव्हल 25 ला नेऊन ठेवले.