लायपोनंतर पोट उंचसखल झालंय, परत ऑपरेशन करावं का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार सगळ्यांना. दोन मुलं आहेत, दोन्ही वेळेस सिझर झालेलं. यंदा गड्ड्याची यात्रा संपली आणि लगेच पुण्याला जाऊन पोट, कंबरेच्या बाजू आणि मांड्यांच्या आतल्या भागाचं लायपोसक्शन (नळीनं चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, लायपो) करून घेतलं. वजन तसं फार नव्हतं माझं, पण डिलिव्हरीनंतरचं पोट काही केल्या जाईना, चालून झालं, रात्रीची भाकरी बंद करून झाली, जिम लावून झाली. आता मे संपत आलाय. सूज बरीच उतरलीय, ड्रेसवर फरक मस्त दिसतो, नणंद पण म्हणाली किती बारीक झालीस.

पण कपडे बदलताना आरशात बघवत नाही ओ. बेंबीच्या खाली उजव्या अंगाला खड्डा पडलाय, अंगठा टेकवला तर बसेल एवढा, आणि त्याच्या वरच आडवा उंचवटा आलाय, खाली बसलं की तिथं घडी पडते. डावीकडं असलं काही नाही. पोटावर हात फिरवला तर जुन्या गादीत कापसाचे गोळे लागतात ना तसं लागतंय. मांडीची कातडी सैल पडलीय ते वेगळंच. समोरून उजेड असला की काही कळत नाही, पण बाथरूमची खिडकी बाजूला आहे, तिकडून ऊन आलं की एक न एक खड्डा दिसतो.

डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, ते म्हणाले थांबा, सेटल होईल, ऑपरेशननंतरचा दाबाचा पट्टा घालत राहा. सोलापूरच्या या उन्हात दिवसभर पट्टा घालून बघा म्हणजे कळेल, घामोळ्यानं अंग सोलून निघालंय. इथल्या एका स्लिमिंग सेंटरच्या मॅडम म्हणतात मशीनच्या सिटिंग घ्या, सगळं प्लेन होतं, पॅकेजचे पैसे आधी भरा. बहीण म्हणते दुसऱ्या डॉक्टरकडून परत लायपो करून घे, राहिलेली चरबी काढून टाकतील की. घरात मिस्टरांना विचारायची सोय नाही, त्यांचा पहिल्यापासूनच विरोध होता. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

ओटी_सिस्टर

ताई, आधी शांत व्हा. प्लास्टिक सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहायलेय. लायपोनंतर असं उंचसखल होणं ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे, तुम्ही एकट्या नाही, आणि बहुतेक वेळा त्यावर इलाज असतो. पण इलाज कुठला ते ठरायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, उंचवटा आणि खड्डा हे दोन वेगळे आजार आहेत. उंचवटा म्हणजे तिथं चरबी राहिलीय किंवा आतला भाग अजून कडक आहे. खड्डा म्हणजे तिथली चरबी जास्त निघालीय, नाहीतर कातडी आतल्या थराला चिकटलीय. बहीण म्हणते तसं परत ओढून काढलं तर उंचवट्याचं भागेल एखादवेळेस, पण खड्ड्याला चरबी घालावी लागते, काढून कसं चालेल? खड्ड्याच्या आजूबाजूचं काढत काढत सगळंच खाली आणायला गेलेल्या केसेस बघितल्यात, शेवटी पोटावर नुसती कातडी राहते आणि दुसऱ्या डॉक्टरला भरायला जागाच उरत नाही.

आता वेळेचं. यात्रा जानेवारीत, म्हणजे तुमचे ४ महिने होऊन गेले. वरची सूज ६ आठवडे ते ३ महिन्यांत उतरते पण आतला कडकपणा मऊ व्हायला ६ महिने लागतात, कुणाकुणाला वर्ष. त्यामुळं ६ महिन्यांच्या आत दुरुस्तीचं ऑपरेशन शक्यतो कुणी चांगला सर्जन करत नाही, कारण आज जो गोळा लागतोय तो दोन महिन्यांनी आपला आपण बसला तर उगीच तिथं खड्डा करून ठेवल्यासारखं होईल. तेव्हा डॉक्टर थांबा म्हणाले ते बरोबर आहे. फोटोवर निकाल दिला ते मात्र मला पटलं नाही. हे हातानं चाचपून बघायचं काम आहे. उभं करून, झोपवून, पोट घट्ट करायला लावून, चिमटीत कातडी धरून बघायचं. पोट ताणल्यावर खड्डा आत ओढल्यासारखा झाला तर आत चिकटलंय असा संशय येतो. आणि तुमचं दोनदा सिझर झालंय, तेव्हा बेंबीच्या आसपासचा फुगवटा चरबीचाच आहे का, का पोटाचे दोन स्नायू मधून फाकलेत, हे पण बघायला सांगा. पाठीवर झोपून मान उचलली की मधे उभा फुगवटा येतो का ते डॉक्टर बघतील. स्नायू फाकलेले असले किंवा हर्निया असला तर कितीही लायपो केलं तरी फुगवटा जाणार नाही.

आडवा उंचवटा आणि बसल्यावर घडी, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं पट्टाच आला. पट्ट्याची वरची कड गुंडाळून खाली येते का? सूज उतरली की पट्टा ढिला पडतो, बसल्यावर दुमडतो आणि रोज त्याच जागी काचतो. सुरुवातीच्या आठवड्यात असं झालं तर तिथं घळ पडून राहते. साधारण ६ आठवडे पट्टा घालायला सांगतात, काही डॉक्टर जास्त सांगतात. ४ महिन्यांनी पट्ट्यानं खड्डा भरणार नाही हे नक्की, तेव्हा अजून लागतो का, लागत असेल तर कुठल्या मापाचा, हे स्पष्ट विचारा.

स्लिमिंग सेंटरला पैसे भरू नका. हात जोडून सांगते. कॅव्हिटेशन (ध्वनिलहरींचं) काय, फॅट फ्रीझिंग (चरबी गोठवायचं) काय, ही मशीनं चरबी कमी करायला निघालेली आहेत, तुमची अर्धी तक्रार चरबी कमी पडल्याची आहे. फ्रीझिंगमध्ये तर क्वचित उलटं होतं, जिथं मशीन लावलं तिथली चरबी कमी व्हायच्या जागी वाढून कडक गोळा होतो. रेडिओफ्रीक्वेन्सीनं (कातडीला आतून उष्णता देणाऱ्या मशीननं) थोडी सैल कातडी थोडीफार आवळते, पण ते सुद्धा तपासणारा डॉक्टर म्हणाला तर.

अक्कलकोट_रोड

सिस्टर म्हणतात ते सगळं बरोबर, एक सोनोग्राफी पण करून घ्यायला सांगा. माझ्या मावसबहिणीला एका बाजूला फुगवटा होता, सगळे चरबी चरबी म्हणत बसले आणि निघालं पाणी. सुईनं काढलं. पाणी आत तसंच राहिलं तर त्याच्याभोवती कडक पिशवी तयार होते म्हणे, मग सुईनं भागत नाही.

जुळे_सोलापूरकर

सिस्टर, खूप खूप आभार. पट्ट्याची कड गुंडाळतेच ओ, मी दिवसभर खुर्चीवर बसून काम करते, सारखी वर ओढत असते. हे कुणी विचारलंच नव्हतं.

दोन गोष्टी सांगा. चरबी भरतात म्हणजे नक्की काय करतात, बाहेरचं काही घालतात का? आणि ती टिकते का? आणि हे होतंच कशामुळं, माझी कातडीच खराब आहे असं रिसेप्शनवाली बोलली ते फार लागलं मला.

ओटी_सिस्टर

असं बोलायला नको होतं तिनं. कातडीचा भाग असतो, नाही असं नाही, दोन बाळंतपणं झालेली, ताणून सैल पडलेली कातडी, आतली चरबी गेल्यावर पूर्वीसारखी आवळत नाही, मांडीच्या आतली तर मुळातच पातळ. पण ते ऑपरेशनच्या आधी चिमटीत धरून कळतं आणि पेशंटला आधी सांगायचं असतं. बाकी कारणं हाताची असतात. नळी कातडीच्या फार जवळून फिरली, जाड नळी वापरली, एकाच छिद्रातून एकाच दिशेनं ओढत राहिलं, तर आत चर पडतात. म्हणून दोन बाजूंनी छिद्रं घेऊन आडवंतिडवं फिरवतात, ३-४ मिलिमीटरची नळी घेतात, आणि शेवटी नुसती नळी फिरवून, सक्शन बंद ठेवून, राहिलेली चरबी सारखी करतात. तुमच्याकडं काय केलं ते ऑपरेशन नोट बघितल्याशिवाय मी कसं सांगू, कुणावर बोट ठेवत नाही.

भरायचं तर बाहेरचं काही नाही, तुमचीच चरबी. पुढचं ज्यांनी करून घेतलंय त्यांनी लिहावं.

सात_रस्ता_वाली

मी लिहिते. माझं मांडीच्या बाहेरच्या बाजूचं होतं, लायपो एकीकडं, दुरुस्ती मुंबईला दुसऱ्या सर्जनकडं, मधे वर्षाच्या वर गेलं. त्या डॉक्टरांनी वर्ष झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं, तेव्हा राग आला होता, पण त्या वर्षात एक खड्डा खरंच निम्मा भरून आला.

ऑपरेशनच्या सकाळी मला उभं केलं, खोलीतले मोठे लाइट बंद केले आणि बाजूनं एकच दिवा धरला, तुमच्या बाथरूमच्या खिडकीसारखं अगदी. मग मार्करनं उंच जागी अधिक आणि खोल जागी वजा अशा खुणा केल्या. उभं राहूनच करतात, कारण झोपलं की चरबी पसरते आणि खड्डे दिसेनासे होतात. मला आरसा दिला आणि म्हणाले तुम्हाला अजून कुठं दिसतंय ते दाखवा. मी एक दाखवला, त्यांच्याकडून राहिलेला, तिथं पण खूण केली. त्या क्षणी मला त्या माणसावर भरवसा बसला.

मग भूल देऊन आधी जिथं चिकटलं होतं ते बारीक हत्यारानं आतून सोडवलं. गुडघ्याच्या आतून थोडी चरबी सिरिंजनं हलक्या हातानं काढली, मशीनचा जोर लावला तर पेशी मरतात म्हणे, ती निवळू दिली, वरचं तेल आणि खालचं पाणी टाकून दिलं आणि मधली चरबी बारीक नळीनं थेंब थेंब करत वेगवेगळ्या थरांत सोडली. एका जागी गोळा घातला तर मधल्या चरबीला रक्त पोचत नाही, ती मरते, त्याची गाठ होते. म्हणून हे काम वेळखाऊ आहे.

टिकायचं म्हणाल तर सगळी टिकत नाही. काही भाग शरीर शोषून घेतं, किती ते आधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून थोडी जास्त घालतात आणि दुसऱ्यांदा लागू शकतं हे आधीच सांगून ठेवतात. ३-४ महिन्यांनी जे राहिलं ते राहिलं. माझी डावी बाजू छान भरली, उजवीकडं हलका खोलगटपणा आहे अजून, बाजूच्या उजेडात दिसतो. मला चालतंय, परत नाही करणार. शंभर टक्के प्लेन कुणी कबूल करत असेल तर तिथून निघा.

अजून एक, भरलेल्या जागी पट्ट्याचा दाब नको असतो, नाहीतर चरबी दबून मरते. चरबी काढलेल्या जागी दाब हवा आणि घातलेल्या जागी नको, त्यामुळं माझ्या पट्ट्याला त्यांनी कापून खिडकी केली होती. आणि वजन स्थिर ठेवा, घातलेली चरबी पण वजनाबरोबर वाढते आणि उतरते. मांडीच्या सैल कातडीला भराव फारसा उपयोगाचा नाही, जास्तच सैल असेल तर कातडी कापून आवळायचं ऑपरेशन लागतं आणि जांघेत व्रण राहतो. मला पण सुचवलं होतं, मी नको म्हणाले. तुमचा निर्णय तुम्ही घ्या, पण व्रणाचे फोटो बघून घ्या.

होटगी_नाका

वकिली करतो म्हणून थोडं. दुसरं मत घ्यायला जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका. डिस्चार्ज कार्डवर काही नसतं, ऑपरेशन नोट मागा, किती लिटर काढलं, कुठून काढलं, कुठली पद्धत. लेखी अर्ज केला की ७२ तासांत कागद द्यायचा नियम आहे डॉक्टरांना. भांडायला नाही, पुढच्या सर्जनला ते लागतं. ज्यांच्याकडं जाणार ते प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी (या विषयातल्या पदव्या) आहेत का बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं नोंदणी तपासता येते. पाटीवर कॉस्मेटिक लिहिलं म्हणजे झालं असं नाही. दुरुस्तीचा खर्च कुणाचा, भूलीचा आणि हॉस्पिटलचा वेगळा का, हे आधी लिहून घ्या, मेडिक्लेम असल्या ऑपरेशनला शक्यतो देत नाहीत.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लिमिंग सेंटरला नाही म्हणून कळवलं. पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून प्रत्यक्ष भेटीची वेळ मागितली, पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन येते, ऑपरेशन नोटचा अर्ज पण तेव्हाच देणार. मिस्टरांना रात्री सांगितलं, ते म्हणाले मी पण येतो. तोवर तेलानं मालीश केली तर चालेल का? सासूबाई म्हणतात गोळे विरघळतात.

ओटी_सिस्टर

जोर लावून रगडू नका ताई, गोळे काही विरघळत नाहीत, उलट आतला भाग दुखावतो. हलक्या हाताची मालीश डॉक्टर शिकवतात, ती त्यांनी दाखवली तरच करा. घामोळं आहे तिथं तर तेल अजिबात नको. जाताना तो पट्टा घालूनच जा आणि खुर्चीवर बसून दाखवा त्यांना, कुठं गुंडाळतो ते. ऑपरेशनच्या आधीचे फोटो असतील तर तेही न्या, काही खड्डे आधीपासूनचे असतात. आणि मधे कुठली जागा लाल, गरम झाली, पू आला, ताप आला तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, इथंच त्याच दिवशी दवाखाना गाठा.