झायझर आल्मवर बसून थेपले खायचे?

रानवाट:
परवा आपल्या म्युनिकच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "दक्षिण टिरोलला जाताय तर हटवर, म्हणजे डोंगरावरच्या खानावळीत, पैसे घालवू नका. शाकाहारी काही नसतं, एका प्लेटचे १४ युरो. थेपले-लोणचं न्या, त्यांच्याच बाकावर बसा, डोंगर फुकट दिसतात." खाली सगळ्यांचे अंगठे. माझं डोकंच फिरलं, म्हणून हा धागा.

अहो, आल्म म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी कुरण, आणि इटलीतल्या दक्षिण टिरोलमधलं झायझर आल्म म्हणजे ५६ चौरस किलोमीटरचं कुरण. ते आपोआप हिरवंगार राहत नाही. गायी चरतात, शेतकरी गवत कापतात, म्हणून ते कुरण आहे. हे थांबलं तर बराच भाग झुडपं आणि रान गिळून टाकेल. त्याच शेतकऱ्याच्या दारात बसायचं आणि त्याच्याकडचा घासही घ्यायचा नाही?

आम्ही तिथल्या काँपाच या वस्तीहून दोन तास चालून एका हटवर पोचलो. श्लुट्सक्राप्फन मागवले. करंजीच्या आकाराचे, राय-गव्हाचं पातळ आवरण, आत पालक आणि क्वार्क (चक्क्यासारखं ताजं चीज), उकडून वर तपकिरी केलेलं लोणी. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत एक बाई लोखंडी तव्यातलं जाडजूड धिरडं दोन काट्यांनी टराटरा फाडत होत्या. कायझरश्मार्न! पिठीसाखर भुरभुरली, शेजारी रानबेरीचा आंबटगोड मुरंबा, आणि तवाच टेबलावर. माझा आठ वर्षांचा मुलगा तवा खरवडत बसला होता.

सिंहगडावर मडक्यातलं दही न खाता उतरतो का आपण? राजमाचीला उधेवाडीत घराघरात पिठलं-भाकरी खातोच ना? मग इथेच डबा का आठवतो?

तिखटजाळ:
ती पोस्ट माझी नाही, पण बाजू मी तीच घेणार. मी जन्माची शाकाहारी. मागच्या वर्षी एका हटवर पालकाचे क्नोडल (पावाचे उकडलेले गोळे) मागवले, "मांस नको" असं तीनदा सांगितलं. वाडगा आला, अर्धा संपवला, मग कळलं की खालचं सूप गोमांसाच्या हाडांचं. मी तिथेच रडले. नवरा म्हणाला जाऊ दे. नाही जाऊ देता येत! तेव्हापासून माझ्या बॅगेत थेपले असतात आणि त्याची मला लाज नाही.

रानवाट:
ताई, हे वाईट झालं, खरंच. पण तिकडे क्नोडल सूपमध्ये देतात ते बहुतेक मांसाच्याच सूपमध्ये. "लोण्यात द्या" म्हणायचं. चूक पदार्थाची नाही.

तिखटजाळ:
म्हणजे चूक माझी? छान.

दुधखुळा_नाही:
तुम्ही सूपवर अडलात, चीजचं काय? त्या श्लुट्सक्राप्फनवर परमेसान किसतात. परमेसानला कापलेल्या वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) लागतं, तो नियमच आहे. डोंगरावरच्या बहुतेक जुन्या चीजचं हेच. "हटवर शाकाहारी भरपूर मिळतं" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं. शिवाय क्नोडलमध्ये अंडं, श्मार्नमध्ये अंडं. अंडं न खाणाऱ्या माझ्या आईला पाव-लोण्यावर दिवस काढावा लागला.

बोरिवली_ते_बर्न:
पुण्यात पिझ्झा खाताना विचारता का रेनेट कुठलं?

दुधखुळा_नाही:
विचारावं लागत नाही, पाकिटावर हिरवा ठिपका असतो. उगाच दुसरीकडे नेऊ नका. आईने आयुष्यभर पाळलेली गोष्ट आहे, तुमच्यासाठी ती चेष्टा असेल.

बोरिवली_ते_बर्न:
चेष्टा केली नाही. पण प्रत्येक धाग्यात रेनेट येतं आणि मूळ विषय बुडतो. इथे स्वित्झर्लंडमध्ये आल्पलरमाग्रोनन खा. मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा, शेजारी सफरचंदाची चटणी. वीस किलोमीटर चालून आल्यावर त्यासारखं सुख नाही.

दुधखुळा_नाही:
त्यातही चीजच!

टिरोलची_सून:
आता मला बोलू द्या. माझ्या सासरची आल्म आहे, इन्सब्रुकपासून तासाभरावर. जूनमध्ये गायी वर जातात, सप्टेंबरात सजवून खाली येतात. मधले तीन-साडेतीन महिने सासूबाई पहाटे पाचला धारेला बसतात. सिलिंडर, पीठ, बिअर सगळं सामानाच्या रोपवेने वर येतं, आणि तो बिघडला की नवरा पाठीवर आणतो. तुमचे १४ युरो तिथे जातात.

आणि रेनेटवाल्यांनो, ग्राउकेझे खाल्लंय का? लोण्यासाठी साय काढली की जे दूध उरतं, ते नुसतं आंबवून करतात. रेनेट लागत नाही. कांद्याच्या चकत्या, व्हिनेगर, तेल घालून पावाबरोबर खातात. गरिबांचं चीज होतं हे. लोणी विकलं जायचं, हे घरी उरायचं.

आणि वासराचं एवढं वाटतं तर खरवस कसा चालतो? चीक कोणाच्या वाटचा असतो?

दुधखुळा_नाही:
खरवस खाल्ल्याने वासरू मरत नाही. तुलना चुकली तुमची.

टिरोलची_सून:
दूध काढायचं तर दरवर्षी वासरू होणार. त्यातल्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं ते इथेही विचारा आणि तिकडेही विचारा. मी गोठ्यात उभी राहते म्हणून चिडून बोलतेय.

तिखटजाळ:
ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या गावीही गोऱ्हे विकायचे, कुठे जातात ते आजोबा सांगत नसत.

सह्याद्रीकर:
थेपल्यांवरून एक सांगतो. आल्पाइन क्लबच्या (गिर्यारोहकांच्या संघटनेच्या) पुष्कळ हटवर सदस्यांना स्वतःचं खाता येतं. ऑस्ट्रियाचा क्लब १८६२चा, जर्मनीचा १८६९चा, ही पद्धत जुनी आहे. पण शेतकऱ्याच्या आल्मवरची हट म्हणजे त्याचं हॉटेल. दोन्हीला आपण "हट"च म्हणतो, सगळा घोळ तिथे. पण पाण्याचे पैसे घेतात ते मात्र मला पटत नाही! नळाच्या पाण्याला साडेतीन युरो?

टिरोलची_सून:
चुनखडीच्या डोंगरात पाणी थांबत नाही, झिरपून जातं. कित्येक हट पावसाच्या आणि बर्फाच्या पाण्यावर चालतात. दादा, तुम्ही राजगडावर टाक्यातलं पाणी जपून वापरता ना?

सह्याद्रीकर:
बरं. पाण्याचं मागे घेतो. साडेतीन युरो तरी जास्तच.

रानवाट:
तिखटजाळताई, तुमच्या सूपचं मी फार सहज उडवून लावलं. मांस न खाणाऱ्या माणसाच्या तोंडात ते गेल्यावर काय होतं, हे मला कळायला हवं होतं, माझी आजीही शाकाहारीच होती. पण बाकावर डबा उघडण्याचं मला अजूनही पटत नाही.

तिखटजाळ:
बाकावर मीही उघडणार नाही, आल्मचं काम वाचल्यावर नाही उघडवणार. जरा लांब दगडावर बसेन. सप्टेंबरात जातेय, गायी उतरायच्या आधी. ताई, त्या ग्राउकेझेला वास येतो का हो?

टिरोलची_सून:
येतो. कांदा जास्त मागून घ्या.