राजीनाम्यानंतर देता येते ते आधी का देता येत नाही?

हिंजवडीकर:
आमच्या आयटी सेवा कंपनीत डेटाबेसचे काम उत्तम जाणणारी एक सहकारी वर्षभर दुसऱ्या प्रकल्पात बदली मागत होती. ‘क्लायंट तुमच्यावर अवलंबून आहे, पुढच्या तिमाहीत पाहू’ एवढेच उत्तर तिला मिळत राहिले. तिने राजीनामा टाकताच पगारवाढ, हवा तो प्रकल्प आणि ऑनसाइटचे (परदेशात क्लायंटकडे जाऊन काम करण्याचे) आश्वासनही पुढे आले. पण ती थांबली नाही. हे सारे आधी का सुचत नाही?

जुना लीड:
सुचते, पण परवडत नाही. डिलिव्हरी मॅनेजरचे मोजमाप बिलिंग आणि मार्जिनवर होते. अनुभवी माणसाला रिलीज द्यायचे, म्हणजे प्रकल्पातून सोडायचे, तर केटीसाठी (कामाची माहिती सोपवण्यासाठी) काही आठवडे दुसरा माणूस शॅडो म्हणून, म्हणजे शिकण्यासाठी सोबत, बसवावा लागतो आणि त्याचे पैसे क्लायंट सहसा देत नाही. तो खर्च मॅनेजरच्या खात्यावर पडतो. माणूस कंपनी सोडून गेला, तर तीच गोष्ट ‘अॅट्रिशन’ (कर्मचाऱ्यांची गळती) म्हणून वरिष्ठांना सांगता येते. त्यामुळे जो कामात अधिक तरबेज, तोच अधिक अडकतो. पगारवाढीची रक्कमही अप्रेझलमध्ये आधीच वाटून झालेली असते. राजीनामा आला की मात्र वेगळी मंजुरी मिळते.

आकडेमोड:
सगळा दोष मॅनेजरवर ढकलू नये, बाजाराचा वाटा मोठा आहे. मार्च २०२२मध्ये मागील बारा महिन्यांचे अॅट्रिशन इन्फोसिसमध्ये २७.७ टक्के, तर टीसीएसमध्ये १७.४ टक्के होते. मार्च २०२४मध्ये ते अनुक्रमे १२.६ आणि १२.५ टक्क्यांवर आले.

जुना लीड:
हे आकडे किती जणांना जाता आले एवढेच सांगतात, किती जणांना जायचे होते ते नाही. दोन वर्षांत व्यवस्थापन सुधारले म्हणून इन्फोसिसची गळती निम्म्याहून खाली आली, असे तुम्हीही म्हणणार नाही; बाहेरच्या नोकऱ्या आटल्या. आणि २०२२च्या नोकऱ्यांच्या त्याच तेजीत दोन कंपन्यांमध्ये दहा टक्क्यांचा फरक पडला, त्याचे काय?

क्यूएवाली:
नव्वद दिवसांच्या नोटिशीचाही विचार व्हावा. माणूस अडवण्यासाठी ठेवलेल्या त्या तीन महिन्यांत पहिली ऑफर दाखवून दुसरी, वरची ऑफर मिळवली जाते. हिंजवडीकर, तुमच्या टीममध्ये कोणी बदली मागत असेल, तर ती मेलवर मागायला सांगा आणि शॅडोचा खर्च करार नूतनीकरणाच्या वेळीच क्लायंटच्या दरात धरायला लावा. एकदा करारावर सही झाली की त्यासाठी कोणी पैसे काढत नाही.