टेंभूचं पाणी रानाचं की माणसांचं?

येरळाकाठ:
सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीत टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून एकच हिशोब कानावर येतो, किती हेक्टर भिजलं. जलपूजनाच्या फलकावर तेच, सभेत तेच. किती घरांपर्यंत पोचलं हे कुणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे: या पाण्यावरचा हक्क सातबाऱ्याला नको, कुटुंबाला हवा. भूमिहीनालाही.

पैसा कुणाचा ते बघा. कराड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णा अडवून पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के लाभधारक. सरकार भरतं म्हणजे दुकानात साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण भरतो. त्यातल्या निम्म्या माणसांच्या नावावर गुंठाही नसेल, तरी बिलात ती आहेत आणि पाण्यात नाहीत.

आमच्या वस्तीवर वितरिकेच्या, म्हणजे रानांना पाणी वाटणाऱ्या फाट्याच्या, व्हॉल्व्हची हातभर लांब लोखंडी चावी एका घराच्या ओसरीवर भिंतीला टेकवलेली असते. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की माणसं त्या ओसरीवर जाऊन बसतात, चहा होतो, मग कुणाचा नंबर आधी ते ठरतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत कुणाला, हेही तिथंच ठरतं. ज्याला जमीन नाही त्याला त्या ओसरीवर जायचं कारणच नाही. गावाच्या कारभारातून माणूस असा बाहेर पडतो.

घाटमाथ्याचा शेतकरी:
१९ टक्के ऐकायला थोडे वाटतात. कारखाना उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापून घेतो तेव्हा ते केवढे आहेत ते कळतं. चारीपासून रानापर्यंतची पाइप मी माझ्या पैशानं टाकली, ठिबकला सोसायटीचं कर्ज काढलं. थकबाकीमुळं पंप बंद राहायचे ते दिवस विसरलात? तेव्हा डोळ्यादेखत पीक वाळलं ते जमीनवाल्याचंच. जोखीम ज्याची, हक्क त्याचा. आणि ज्याला रानच नाही त्यानं पाणी घेऊन करायचं काय? विकणारच ना?

येरळाकाठ:
विकायचं कशाला? आपल्या खानापूर तालुक्यातच बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू विकून पैसा जमवला, श्रमदान केलं. पाण्याची वाटणी कुटुंबागणिक ठरवली, त्यात भूमिहीनांचा हिस्सा धरला. आपल्या वाटणीचं पाणी घेऊन दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचं, अशी ती कल्पना. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांनी आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या त्या समन्यायी वाटपासाठीच. टेंभूची मागणी ज्या चळवळीनं लावून धरली, तिची निम्मी मागणी आपण पाणी येताच सोडून दिली, याचा मला राग आहे.

जुना पाटकरी:
पाटबंधारे खात्यात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. बळीराजा दोन गावांचं धरण, तिथं माणसं एकमेकांना ओळखतात. टेंभूचं पाणी तालुके ओलांडून जातं. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला आहे आणि पाणी मोजून द्यायचं ते संस्थेला. कुटुंबागणिक म्हणाल तर उद्या प्रत्येक घरात तीन रेशनकार्डं होतील. आणि वाढीव वाटेकऱ्यांचं पाणी वरच्यांकडून निघणार नाही, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, गावांचंच तुटेल. आधी टेलला पुरतं पाणी पोचू दे.

माणदेशची लेक:
मी द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाते. पाणी आलं म्हणून गावात काम मिळालं, उसतोडीला जायचं बंद झालं, हे मी कुणापुढंही सांगेन. पण आमचं गेलं काय तेही लिहा. पूर्वी गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, परमुलखात गेलेल्यांची रानं पडीक असायची, तिथं आमची शेरडं चरायची, कुणी हटकत नव्हतं. आता त्याच रानाला तारेचं कुंपण आहे. मालक केरळात सोनं गाळतोय आणि इथं त्याच्या सातबाऱ्यावर पाणी आहे. मी इथंच राहते, माझ्याकडं दोन शेरडं उरलीत. जोखीम फक्त जमीनवाल्याची, हे घाटमाथ्याच्या दादांचं मला पटत नाही.

जतकर:
तुमच्याकडं निदान वाटणीचं भांडण आहे. आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांना पाणी द्या नाहीतर कर्नाटकात जातो, असं म्हणावं लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याच आधारावर जतच्या ४० गावांची गोष्ट काढली, तेव्हा कुठं मुंबईत विस्तारित म्हैसाळची फाईल पळाली. आपण कुठल्या राज्याचे हे आमच्याकडं पाइपलाइनवर येऊन ठेपलं होतं. म्हणून जुन्या पाटकरी काकांना विनंती, हा नुसता मोजमापाचा प्रश्न समजू नका.

घाटमाथ्याचा शेतकरी:
ताई, शेरडांचं खरं आहे, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी कुटुंबागणिक हक्क मला मान्य नाही. त्याऐवजी प्रत्येक आवर्तनात आधी गावचा पाझर तलाव भरून घ्या आणि मगच चाऱ्या सोडा. तलाव सगळ्यांचा, जनावरांना पाणी होतं, विहिरी-बोअरना पाझर लागतो. त्याचं बिल ग्रामपंचायतीनं भरावं, मी ठरावाला हात वर करीन.

येरळाकाठ:
तलाव आधी, हे मान्य. पण पाझर लागणार तो विहिरीला, आणि विहीर ज्याचं रान त्याची. तलावातल्या पाण्यातला ठरावीक वाटा भूमिहीन बायकांच्या गटाला लिहून द्या, गायरानात वैरण करायला. तेवढं ठरावात घालायला तयार आहात का, दादा?

घाटमाथ्याचा शेतकरी:
वैरणीपुरतं असेल तर तयार आहे. पण व्हॉल्व्हची चावी ओसरीवरून ग्रामपंचायतीत आणायची म्हणाल, तर गावात भांडण पेटेल, एवढं सांगून ठेवतो.

माणदेशची लेक:
पेटू दे. ठरावाच्या दिवशी आम्ही बागेचा खाडा करून येतो.