पीएच.डी. निभावताना : ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

ठाणे-नवी मुंबईत राहून नोकरी, घर, लोकल आणि शोधप्रबंध एकाच वेळी ओढणारे इथे बरेच जण आहेत. 'कसं निभावायचं' या प्रश्नाला 'जिद्द ठेवा' हे उत्तर पुरे झालं. नेमकं काय अडतं, का अडतं आणि त्यावर काय करायचं, तेवढं लिहा. कहाणी नको, कृती द्या.

चरईकर
आधी मुदत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि कोर्सवर्क (सुरुवातीचे सक्तीचे अभ्यासवर्ग) त्यातच धरलेलं. पुनर्नोंदणीने आणखी २, म्हणजे ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २, एकूण १०. मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून होते. विषय मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं अख्खं वेळापत्रक तिथेच चुकतं. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपन रजा पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत मिळू शकते. अर्ज लेखी करा.

अर्धवेळ करणाऱ्यांनी कंपनीचं किंवा कॉलेजचं ना-हरकत पत्र नीट वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. एचआर बहुधा 'आमची हरकत नाही' एवढंच छापून देतं. मसुदा आपणच नेऊन द्यावा.

पामबीच
गाईडबद्दल, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाबद्दल. 'सर, जरा बघा ना' म्हणून ८० पानं पाठवली की ती पडून राहतात, आणि दोष सरांचा नसतो. एका वेळी एकच प्रकरण पाठवा, सोबत तीन प्रश्न: ही मांडणी टिकते का, हा तक्ता ठेवू की काढू, कोणता संदर्भ राहिला. भेट झाली की त्याच दिवशी काय ठरलं ते पाच ओळींत मेल करा. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तेव्हा हेच मेल अहवालाचा कच्चा माल होतात. समितीने सुचवलेला बदल आणि गाईडचं म्हणणं जुळत नसेल तर तेही तिथल्या तिथे लेखी आणा.

नौपाडा_लिपी
मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांसाठी. शेवटच्या महिन्यात सगळ्यात जास्त रडवतो तो फॉन्ट. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत साठलेला असतो रोमन चिन्हांत. साधर्म्य (इतरांच्या लिखाणाशी जुळणी) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ लागत नाही. मग शेवटी कन्व्हर्टरमधून युनिकोड (देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणारी पद्धत) करायचं, आणि तिथे रफार उड्या मारतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर बसते, मधले इंग्रजी शब्द अगम्य देवनागरी होतात.

त्यातही एक चोर आहे: 'दुसऱ्या'. हा शब्द दोन प्रकारे साठतो. एकात नुक्ताचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एकच सापडतो. सूची करताना निम्म्या नोंदी गायब होतात त्या यामुळे. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करा, तेही पानांचे क्रमांक घालण्याआधी. टायपिंग बाहेर देत असाल तर 'युनिकोडच हवं' हे पैसे ठरवतानाच सांगा.

घोडबंदरकर
साधर्म्याचे आकडे, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतले: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर. ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर, समीकरणं हे मोजणीतून वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसाधारण जुळणीही. सेटिंग लावलं नसेल तर सूचीच आकडा फुगवते. म्हणून अहवाल हातात आला की आकडा बघून घाबरण्याआधी काय वगळलंय ते विचारा.

खारघर_लॅब
आम्ही लॅबमध्ये पेशी वाढवणारे. आमच्याकडे फॉन्ट नसतो, मायकोप्लाझ्मा असतो, म्हणजे पेशींत शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू. पेशी ज्यात वाढतात ते माध्यम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार होतो, आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन त्याला काही करत नाही. पेशी मात्र हळू वाढतात आणि निकाल दर वेळी वेगळे येतात. ठरलेल्या दिवशी पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी), आणि नवी सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच प्रकारच्या पेशी) आली की चाचणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये.

सुरुवातीच्याच पॅसेजच्या (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या पहिल्या काही फेऱ्यांतल्या) पेशींच्या व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, गोठवून ठेवा: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक), मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने थंड, मग द्रव नायट्रोजन. डीएमएसओ घातल्यावर बाहेर रेंगाळू नका, खोलीच्या तापमानाला ते पेशींना मारक ठरतं. निम्म्या व्हायल दुसऱ्या टाकीत. साध्या मार्करचं लेबल इथेनॉलने पुसलं जातं. आणि बिननावाची व्हायल म्हणजे कचराच.

कोपरी_पूर्व
पुराभिलेखागाराचं काम असणाऱ्यांनी (राज्याच्या जुन्या सरकारी कागदपत्रांचं, फोर्टातलं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं) प्रत्येक टिपणावर त्याच क्षणी विभाग, वर्ष, व्हॉल्यूम आणि कंपायलेशन क्रमांक, पान लिहावं. एक क्रमांक राहिला की पुन्हा सीएसएमटी गाठा. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी दादरला पळण्याआधी तिथे विचारा. लोकलमध्ये लिहिणं होत नाही, उगाच लॅपटॉप उघडू नये. छापील प्रकरणावर पेन्सिलीने खुणा, एवढं ट्रान्स-हार्बरला बसायला मिळालं तर होतं.

पामबीच
पैशाचं कोणी लिहिलं नाही. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. पण एकूण पाचच वर्षं. मुदत सहाची, म्हणजे शेवटचं वर्ष कोरडं जाऊ शकतं, आणि नेमका तेव्हाच छपाई-बांधणीचा खर्च येतो. दर महिन्याची हजेरी-पुष्टी विद्यापीठाकडून वेळेत गेली का, हे आपणच विचारायचं.

चरईकर
झोप उडाली, जेवण सुटलं, फाइल उघडायचीच भीती वाटू लागली, तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यासाठी गाईडची परवानगी लागत नाही.

नौपाडा_लिपी
शोधगंगेसाठी (प्रबंध ऑनलाइन जमा होतात ते देशपातळीवरचं भांडार) एकच जाडजूड पीडीएफ करून ठेवू नका. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रं, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची अशा वेगळ्या फाइली लागतात. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलाय ना ते बघा, आणि फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. चौकोन दिसले तर नाही बसला.